आधी फोन, भांडण नंतर

"मॅडम, माझी जरा पाठ वळली आणि तेवढ्यात यानं काही तोंडात घातलं तर?" रांगतं-चालतं मूल असलेल्या घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो. त्याच्यामागे आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र सहसा कोणी उच्चारत नाही. घातलंच, तर घरचे मला काय म्हणतील? माझ्या मते पोराचा जीव पहिल्यापेक्षा या दुसऱ्या प्रश्नापायी जास्त धोक्यात येतो. चोपडा तालुक्यातल्या एका घराची गोष्ट त्यासाठीच सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कपाशी आणि थोडी केळी असलेलं घर. नवरा-बायको, सासू-सासरे आणि दोन वर्षांचा मुलगा. नवराच बायकोला माझ्याकडे घेऊन आला. "ही पोराला खालीच ठेवत नाही, मॅडम. शेतात येत नाही, रात्री उठून त्याच्या तोंडाचा वास घेते." ती मांडीवरच्या पोराची मूठ उघडून बघत होती. मूठ रिकामी होती. थोड्या वेळानं तिनं ती परत उघडली.

मागची हकीकत अशी. सासऱ्यांना साखरेचा त्रास. त्यांच्या गोळ्या बाजेवर उशाखाली, पिशवीत. एका सकाळी पोराच्या हातात पाकीट दिसलं, दोन गोळ्या गायब. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजलं आणि रिकामं पाकीट चुलीत टाकलं. कोणाला काही बोलली नाही. दुपारी पोर घामानं डबडबलं, मान टाकू लागलं. सासूनं दृष्ट काढली. मग झटका आला तेव्हा धावपळ झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? सगळे म्हणाले, काहीच नाही. तीही गप्प. बोटाला टोचून तपासलं तर साखर फार खाली गेलेली. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न केला, घरात मधुमेह कोणाला आहे? तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला. ग्लुकोज लावलं, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं, पोर वाचलं.

घरी आल्यावर सासूचा एकच प्रश्न, "तुनं ध्यान कथा व्हतं?" म्हणजे तुझं लक्ष कुठे होतं? आणि तो त्या दिवसापुरता राहिला नाही.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं मोठ्या माणसाची साखर आवाक्यात राहते, पण लहान मुलाची एका गोळीनंही धोकादायक उतरू शकते. तो परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणून "आत्ता तर खेळतोय" याला अर्थ नाही. मिठाचं पाणी तर कधीच पाजू नये. रक्तातलं मीठ वाढून त्यानंच पोर गंभीर होऊ शकतं. हे मी तिला सांगितलं, पण तिला दोष वाटेल अशा सुरात नाही. पाकीट चुलीत का टाकलं हेही विचारलं नाही. ते मला माहीत होतं.

तिची भीती खोटी नव्हती. पण घरातली सगळी राखण तिच्या एकटीच्या दोन डोळ्यांवर येऊन पडली होती, आणि डोळ्याला डोळा लागणारच. म्हणून पुढच्या वेळी सगळ्यांना बोलावलं. सासूबाई यायला तयार नव्हत्या. "मी काय येडी शे का?" म्हणाल्या. मी फोनवर म्हटलं, "माय, तुम्ही नाही आलात तर घरात कुठे काय ठेवलंय ते मला कोण सांगणार?" मग आल्या.

घरी करायला एकच काम दिलं. पोर जिथून चालतं तिथून सगळ्यांनी गुडघ्यांवर चालायचं आणि त्याच्या हाताला काय लागतं ते सांगायचं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, ते बाजेवर बसून यादी करायला राहिले. सून आणि सासू दोघी रांगल्या. बाजेखाली उंदराच्या औषधाची पिठात मळलेली गोळी निघाली, ती सासूबाईंनीच ठेवलेली. देवघरात खालच्या फळीवर कापूर. थोडासा कापूरही लहान मुलाला झटके आणू शकतो, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ट्रंकेत डांबरगोळ्या. सुनेच्या स्वतःच्या लोहाच्या गोळ्या, गरोदरपणात मिळालेल्या, लाल गोड आवरणाच्या, मांडणीवर उघड्या. लोह जास्त गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. आणि गोठ्यात, खुंटीखाली, कोल्ड्रिंकच्या बाटलीत फवारणीतून उरलेलं औषध. ते नवऱ्याचं.

यादी घेऊन आले तेव्हा खोलीत सगळेच जरा गप्प होते. नवरा म्हणाला, "बाटलीवर मी खडूनं लिहिलंय की." दोन वर्षांच्या पोराला वाचता येतं का, असं त्याच्या आईनंच त्याला विचारलं. मी बिहारची गोष्ट सांगितली. २०१३ साली तिथल्या एका शाळेत मध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं दगावली. शेतातलं औषध मूळ डब्यातच राहायला हवं, कारण लेबलवरचा त्रिकोण आणि उताऱ्याचं नाव डॉक्टरांना लागतं. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. आता औषधं शेतातल्या खोलीत कुलपात आहेत, गोळ्या पत्र्याच्या पेटीत.

तरी काहीतरी निसटणार, हे गृहीत धरूनच बोललो. त्या वेळी पहिला प्रश्न कोणता? सासूबाईंचा प्रश्न मी त्यांच्यासमोरच मोडीत काढला. "लक्ष कुठे होतं" हे संध्याकाळी विचारा, हवं तर जोरात भांडा. पण आधी फक्त "काय, किती, केव्हा". पाकीट किंवा डबा हातात घ्यायचा. तोंडात उरलंसुरलं असेल ते बोटानं काढायचं. उलटी करवायची नाही. रॉकेल किंवा थिनर उलटीतून फुप्फुसात जातं, ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतं. दूध, तूप, ताक, चिंचेचं पाणी काही नाही. फवारणीचं औषध अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाच्या पाण्यानं धुवायचं. पोर बेशुद्ध असेल, झटका आला असेल, श्वास नीट नसेल, तर डाव्या कुशीवर निजवून लगेच १०८. शुद्धीत असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राला फोन, १८०० ११६ ११७, तो रात्रंदिवस चालू असतो. फवारणीचं औषध किंवा उंदराचं औषध पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी फोन करत करतच गाडीत बसायचं. लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसायची वाट बघायची नाही.

नवऱ्यानं हे दोन्ही नंबर दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं मोठे लिहिले. सासऱ्यांनी नातवाचं वजनही लिहून ठेवायला लावलं, कारण दवाखान्यात ते विचारलं होतं आणि कोणालाच सांगता आलं नव्हतं. ही त्यांची स्वतःची कल्पना, आणि चांगली.

सून लगेच बरी झाली असं नाही. रात्रीचा वास घेणं हळूहळू कमी झालं. आम्ही ठरवलं की झोपण्याआधी पेटीचं कुलूप एकदा बघायचं आणि तेवढंच बघायचं. जास्त फरक पडला तो सासूबाईंनी एकदा "ती गोळी बाजेखाली मीच ठेवेल व्हती" असं तिच्यासमोर म्हटल्यानं. त्यानंतर वेचणीच्या दिवसांत ती अर्धा दिवस पोर त्यांच्यापाशी ठेवून जाऊ लागली.

कमरेची चंची मात्र सासूबाई काही केल्या सोडेनात. तंबाखू पोटात गेली तर विष आहे आणि चुन्याची पुडी दाबताना डोळ्यात उडाली तर डोळा जाऊ शकतो, हे सांगून झालं. तसं झालंच तर डोळा चोळायचा नाही, वीसेक मिनिटं पाण्याची धार धरायची आणि दवाखाना गाठायचा, तेही सांगितलं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. चंची आता पोलक्याच्या आतल्या खिशात असते, आणि नातू मांडीवर असताना त्या तंबाखू मळत नाहीत. लग्नासराईत पाहुण्या आल्या की त्यांच्या पर्सही त्याच उचलून वरच्या खुंटीला टांगतात, कारण पर्समध्ये गोळ्या असतात. एक-दोघींना राग आला म्हणे.