चहातली गोळी

प्रश्न : माझ्या यजमानांनी १६ वर्षांच्या व्यसनानंतर दारू सोडली, त्याला १९ महिने झाले. आठवड्यातून तीनदा ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जातात. पण घरात गप्प असतात, रात्री आठलाच पेंगतात, जेवणाला चव नाही म्हणतात, पायांना मुंग्या येतात. ते दारात आले की मी अजूनही तोंडाचा वास घेते. खबरदारी म्हणून पहिल्यापासून रोज सकाळच्या चहात डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाची गोळी घालते, त्यांना ते ठाऊक नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवायला मी कशी शिकू?
– एक पत्नी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमची १६ वर्षे मी कमी लेखत नाही, पण आज त्या वर्षांविषयी काही लिहिणार नाही, कारण तुम्ही एका वाक्यात उरकलेला तो चहा मला पुढे जाऊ देत नाही.

शरीरात दारूचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य बनते आणि एरवी यकृत तेही मोडून टाकते. ही गोळी ती दुसरी पायरी अडवते, त्यामुळे वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि क्वचित माणूस दगावतोही. म्हणजे हे औषध मुख्यतः भीतीच्या बळावर चालते, आणि ज्याला गोळीचा पत्ताच नाही त्याला भीती कसली वाटणार? रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय ते देऊ नये, असा नियम आहे तो म्हणूनच. (‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर रंगवणाऱ्यांना तो कोण सांगणार!)

मग या १९ महिन्यांत त्यांना अडवले कोणी? वरातीत मित्राने पुढे केलेला ग्लास त्यांनी परत केला असेल, तर तो गोळीला घाबरून नक्कीच नव्हे. आणि गोळी रोज पोटात असताना एकदा जरी त्यांनी दारू घेतली असती, तरी तुम्हाला वास घेत बसावे लागले नसते, बहुधा त्यांना उचलून दवाखान्यात न्यावे लागले असते. विश्वासासाठी जो पुरावा तुम्ही रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून शोधता, तो १९ महिने तुमच्याच हातांनी गोळा झालेला आहे, आणि तो त्यांच्या बाजूचा आहे.

आता त्यांच्या तक्रारी पाहा. पेंग येणे, तोंड बेचव होणे, हातापायांना मुंग्या येणे हे सारे या गोळीचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. मुंग्या जुन्या दारूमुळेही येऊ शकतात, हे डॉक्टरच ठरवतील, पण गोळीची माहितीच नसलेला डॉक्टर साहजिकच सगळा दोष दारूला देणार. क्वचित यकृतालाही ती गंभीर इजा करते, म्हणून ती घेणाऱ्याच्या रक्ताच्या तपासण्या व्हाव्या लागतात. तुमच्या घरी त्या कोण करणार होते?

तेव्हा उद्याच्या चहात गोळी घालू नका आणि उद्याच त्यांना सगळे सांगा. गुपचूप बंद करून विषय मिटवण्याचा मोह होईल, तो आवरा. शेवटच्या गोळीनंतरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि तेवढ्या दिवसांत अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधसुद्धा त्यांना त्रास देऊ शकते, हे त्यांना कळायलाच हवे. गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन बोला, ‘तुमच्याच भल्यासाठी केले’ हे वाक्य तोंडातून काढू नका, आणि मग तेच पाकीट घेऊन दोघे डॉक्टरांकडे जा. यजमान रागावतील, कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. भर मीटिंगमध्ये १९ महिने स्वतःच्या नावावर सांगणाऱ्या माणसाला तेवढा हक्क आहे. त्या रागात ते पुन्हा पितील, ही तुमची धास्ती मला कळते, पण त्यासाठी त्यांच्याकडे त्यांची मीटिंग आणि तिथली माणसे आहेत.

तुमच्याकडे मात्र कोणीच नाही, आणि याचाच मला राग येतो. १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेले अल-अनॉन व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीच आहे, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. ते तीन संध्याकाळ जातात, तुम्ही एक तरी जा.

आणि काही दिवस सकाळचा चहा त्यांना करू द्या, दोघांचाही.