पदराचं टोक धूसर का येतं?

प्रश्न : उतरत्या फळीवर पैठणी पसरून फोटो काढतो. जवळचा मोर स्पष्ट, पदराचं टोक धूसर. एफ-२२ लावलं तरी तेच. टिल्ट लेन्स (कॅमेऱ्यावर झुकवता येणारी) घ्यावी का?
— एक वाचक, येवला

उत्तर : आधी ते एफ-२२ सोडा. लेन्सचं छिद्र इतकं बारीक झालं की विवर्तनाने, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, जरीची तारन् तार मऊ पडते. दुखणं वेगळंच आहे. साध्या लेन्सचं फोकसचं प्रतल सेन्सरला समांतर असतं आणि तुमची साडी तिरकी. सेन्सर, लेन्स आणि साडी यांची प्रतलं मनात लांबवा. लेन्स झुकवून ती एकाच रेषेत मिळाली, की अख्खा पदर फोकसमध्ये. ऑस्ट्रियन लष्करातल्या थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या १९०४च्या पेटंटात हेच सूत्र आहे. ते बापडे फुग्यातून काढलेले तिरके फोटो नकाशासाठी सरळ करत होते!

कॅननची जुनी ९० मिमी टीएस-ई ही टिल्ट लेन्स ८ अंश झुकते. कॅमेरा तिपाईवर ठेवा. आधी टोकावर फोकस, मग मोर स्पष्ट होईतो लेन्स साडीकडे झुकवा. टोक पुन्हा हललेलं दिसेल. दोन-तीनदा असंच मागेपुढे करावं लागतं. मी भात्याच्या कॅमेऱ्यावर शिकलो. एकदा पुढचा स्क्रू ढिला राहिला आणि सहा फिल्मा वाया गेल्या, तेही धुतल्यावर कळलं.

एक मात्र आहे : साडीवर नारळ उभा ठेवलात, तर त्याची शेंडी फोकसच्या प्रतलाबाहेर जाऊन धूसर येईल.

लेन्स महाग आहे. आधी दोन दिवस भाड्याने आणा.