एफडी मोडून लेकीला फ्लॉरेन्सला पाठवू का?

कोल्हापूरहून एका आईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं: "मुलगी बीएफए पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची मे महिन्यात १२ दिवसांची इटलीची स्टडी टूर आहे, मुख्य फ्लॉरेन्स. खर्च साडेतीन लाख. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागेल. तिचे बाबा म्हणतात चित्रं मोबाईलवर पण दिसतात, एवढा खर्च कशाला. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाहीये. करिअरला याचा खरंच उपयोग होतो का, की नुसतं फिरणं?"

नमस्कार ताई,

आधी मुलीला सांगा की जेवून घे, विषय अजून संपलेला नाहीये.

तिच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. मोबाईलवर चित्र दिसतं हे खरंच, पण ते कसं केलंय ते दिसत नाही, आणि पेंटिंग शिकणाऱ्या मुलीला तेच बघायचं असतं. फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मसाच्चो या चित्रकाराचं 'ट्रिनिटी' नावाचं भित्तिचित्र आहे, साधारण १४२७ सालचं. कॉलेजात जे पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवायची रीत, शिकवतात ते हिशोबाने भिंतीवर उतरवलेलं अगदी सुरुवातीचं चित्र, आणि जवळ जाऊन बघितलं की त्याने प्लास्टरवर कोरून आखलेल्या रेघा सहाशे वर्षांनी अजून दिसतात. तसंच अकादेमिया म्युझियममध्ये सगळी गर्दी मायकेलअँजेलोच्या डेव्हिडसमोर, १७ फुटी पुतळा, सेल्फी वगैरे, पण त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना त्याचेच अर्धवट राहिलेले कैद्यांचे पुतळे आहेत, दगडातून निम्मे बाहेर आलेले, अंगावर छिन्नीचे ओरखडे तसेच. तिला म्हणा डेव्हिडला पाच मिनिटं दे आणि या कैद्यांसमोर वही घेऊन तासभर बस.

पण जायच्या आधी एक काम करा, तिला अजिंठ्याला पाठवा, आत्ताच, दोन दिवस (सोमवारी लेणी बंद असतात तेवढं बघा). हे मी खर्च वाचवायला सांगत नाहीये, फ्लॉरेन्सचा पैसा वसूल व्हावा म्हणून सांगतेय. अजिंठ्याला रंग सुक्या प्लास्टरवर दिलेत, फ्लॉरेन्सच्या फ्रेस्कोत, म्हणजे तिथल्या भित्तिचित्रांत, ओल्या चुन्यावर. तिथे कारागीर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचे, त्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम, आणि त्या दिवसांचे जोड नीट बघितलं तर भिंतीवर ओळखता येतात, म्हणजे चेहऱ्याला एक पूर्ण दिवस दिला की आकाश एका दिवसात उरकलं तेही कळतं. अजिंठा डोळ्यात असेल तर हे सगळं तिला आपोआप दिसेल, नाहीतर सगळी चर्च चार दिवसांनी सारखीच वाटायला लागतात.

अजिंठ्याचं अजून एक कारण. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने तिथली चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी सुटत चाललेलं प्लास्टर धरून ठेवलं, हे मोठंच काम, पण चित्रांवर जो व्हार्निशचा थर दिला तो पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या लोकांना तो काढत बसावं लागलं. म्हणजे वाचवायला गेलेल्या हातानेही चित्राला इजा होऊ शकते. आता हेच धरून फ्लॉरेन्सला सांता क्रोचे चर्चमध्ये जा. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीला पूर आला, त्या भागात पाणी सहा मीटरच्या वर चढलं, त्यात चिखल आणि घरं गरम ठेवायच्या टाक्यांमधलं तेल. चिमाबुए या चित्रकाराने रंगवलेला तेराव्या शतकातला लाकडी क्रॉस बुडाला, साठेक टक्के रंग गेला. तुम्ही २०१९ ला पंचगंगेचं पाणी बघितलंय, पूर ओसरल्यावर घरात काय उरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जगभरातून तरुण पोरं चिखल उपसायला, पुस्तकं आणि चित्रं बाहेर काढायला तिथे पोचली. क्रॉस दुरुस्त व्हायला दहा वर्षं लागली, आणि गेलेली जागा त्यांनी 'जुन्यासारखी' रंगवली नाही, बारीक रंगीत रेघांनी भरली, लांबून डोळ्याला खुपत नाही पण जवळून कळतं की हे आमचं, मूळ नाही. वासारी या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं एक 'लास्ट सपर' तर २०१६ मध्ये परत भिंतीवर लागलं, पुरानंतर बरोबर ५० वर्षांनी.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण यातच तुमच्या करिअरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. टूरच्या सर्टिफिकेटने नोकरी लागत नाही, कोणी तसं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. पण पेंटिंग करणाऱ्या बऱ्याच मुलांना चित्रकार, आर्ट टीचर किंवा ग्राफिक डिझायनर यापलीकडे काही असतं हेच माहीत नसतं. कॉन्झर्व्हेशन म्हणजे चित्रं, वस्तू, भिंती जपण्याचं काम हा पूर्ण वेगळा पेशा आहे. फ्लॉरेन्समधली ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे ही संस्था १५८८ साली दगडाच्या जडावकामाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आज जगातल्या मोठ्या कॉन्झर्व्हेशन संस्थांपैकी आहे, तिथे पाच वर्षांचा कोर्सही आहे, पण मोजक्याच जागा आणि इटालियन पक्कं हवं, तेव्हा लगेच ते स्वप्न नको. आपल्याकडे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या लॅब आहेत, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, दिल्लीकडे एमए करता येतं. खरं सांगते, जागा थोड्या आहेत आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. केमिस्ट्री लागते, जी आर्टच्या मुलांनी दहावीनंतर सोडलेली असते, ती परत धरावी लागेल. पण ज्याचा हात स्थिर आहे आणि एका इंचावर आठवडा घालवायची ज्याची तयारी आहे त्याच्यासाठी हे आयुष्यभराचं काम आहे. मुलगी त्यातली आहे का हे त्या क्रॉससमोर उभी राहिल्यावर तिचं तिलाच कळेल.

आता पैसे. माझं मत पाठवा असं आहे, पण दोन अटींवर. पहिली, कॉलेजकडून रोजचा कार्यक्रम लेखी मागवा. १२ दिवसांत रोम, व्हेनिस, पिसा, मिलान आणि मधेच फ्लॉरेन्सचे दीड दिवस असं असेल तर सरळ नाही म्हणा. मी स्वतः एका ग्रुप टूरने गेले होते, फ्लॉरेन्सला साडेतीन तास मिळाले, त्यातले दोन रांगेत गेले, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं. फ्लॉरेन्सचे निदान सात दिवस हवेत, त्यात दोन दिवस मोकळे, नुसतं ड्रॉइंग करायला. दुसरी अट, एफडी पूर्ण मोडायची असेल तर या वर्षी नको, कारण त्यातून तिचं एमए किंवा एमएफए व्हायचंय आणि ते या टूरपेक्षा महत्त्वाचं आहे. निम्मी उरत असेल तर जाऊ दे. कर्ज काढून तर अजिबात नको. साडेतीन लाखांत म्युझियमची तिकिटं धरलीत का हेही विचारा, सरकारी म्युझियममध्ये १८ च्या आतल्या सगळ्यांना फुकट असतं आणि २५ पर्यंतची मोठी सवलत युरोपातल्या मुलांना, आपल्या मुलीला पूर्ण तिकीट पडेल. उफित्सी हे फ्लॉरेन्सचं मोठं म्युझियम सोमवारी बंद असतं, कार्यक्रमात सोमवारी उफित्सी लिहिलेलं दिसलं तर समजा टूर कोणी नीट बघून आखलेली नाहीये.

इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट तिकडून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. मेमध्ये जायचंय तर व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर घ्या, उन्हाळ्यात गर्दी असते.

आणि एक, तुम्ही कोल्हापूरच्या म्हणून. तुमचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले, जेमतेम वीस वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी झाला, तिथे कासिने पार्कच्या अगदी पश्चिम टोकाला त्यांची छत्री आहे, आत रंगीत अर्धपुतळा, आणि जवळच्या पुलाला तिथले लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात. टूरच्या यादीत हे बहुतेक नसणार. मोकळ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन तिने तिथे जावं आणि बसून एक स्केच करून बाबांसाठी आणावं.

कार्यक्रम हातात आला की मला पाठवा, पैसे भरायच्या आधी.