ताप गेला, पाय परत आणायचे

प्रश्न : माझ्या आजेसासूबाई नव्वदीच्या पुढे आहेत. पोळ्याच्या सुमारास आठ दिवस ताप होता. तो उतरला, पण तेव्हापासून त्या बाजेवरून एकट्या उठत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं, पडू द्या. ताकद परत येतच नाही का? (एक सूनबाई, जि. यवतमाळ)

उत्तर : येते, पण पडून राहून नाही. धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून मोजलं, तर पायांचं जवळपास एक किलो मांस झडलेलं दिसलं. आजींना तर वरून तापही होता. आता दुसरी बाजू. १९९० साली बॉस्टनमध्ये ८६ ते ९६ वयाच्या १० जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आधी बाज बघा. सुंभ ढिला पडला की झोळ होतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते; तिथून तरण्यालाही जोर लावावा लागतो. बाज आवळून घ्या. उठण्याचा सराव मात्र हातांच्या लाकडी खुर्चीवर, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून. प्लास्टिकची खुर्ची नको, ती फरशीवर सरकते. बसल्यावर मांड्या आडव्या राहतील एवढी उंची हवी. गुडघे दुखत असतील तर घडी केलेली सतरंजी घालून थोडी वाढवा.

पावलं मागे, गुडघ्यांच्या खाली घ्यायची, पुढे वाकायचं, हातांनी रेटा देऊन उभं राहायचं. बहुतेकांचं चुकतं ते बसताना. धपकन बसलं की निम्मा व्यायाम वाया जातो, शिवाय ठिसूळ मणका दबू शकतो. मनात तीन मोजत खाली यायचं. सुरुवात पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. दहा जमले की हातांचा रेटा कमी करायचा. तुम्ही बाजूला उभ्या राहा, पण काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथंच थांबून डॉक्टरांना दाखवा.

आणि ताट. ४० किलो वजनाच्या आजींना दिवसाला ४० ते ४८ ग्रॅम प्रथिनं लागतात. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या.) भाकर कुस्करून पातळ वरण दिलं की पोट भरतं, पण त्या वाटीत डाळ १५ ग्रॅमही नसते, म्हणजे प्रथिनं जेमतेम तीन ग्रॅम. वरण घट्ट करा. दात नसतील तर फल्लीदाण्यांचं बारीक कूट भाजीत घाला; ३० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम मिळतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात तेवढेच. एकाच जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांत वाटा.

प्रश्न : आमच्या गावातले एक आजोबा स्वतःला ११५ वर्षांचे सांगतात. जुनी माणसं ज्वारी खाऊन शंभरी गाठायची, हे खरं का? (एक वाचक, जि. वाशीम)

उत्तर : आधारवरचं वय अनेकदा अंदाजानं लिहिलेलं असतं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर किंवा तहसिलातली जुनी कोतवाल पंजी (गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही) काढून बघा. कागदोपत्री सिद्ध झालेलं जगातलं सर्वांत मोठं वय १२२ वर्षं १६४ दिवस, फ्रान्समधल्या जान काल्माँ यांचं. ज्वारी चांगलीच, पण १९४१ ते १९५१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. बाकीचे केव्हाच गेले. जे उरले त्यांच्याकडे बघून आपण ज्वारीला श्रेय देतो.

प्रश्न : नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, वडील (वय ८८) रात्री लघवीला उठताना पडले. बीपीची गोळी चालू आहे. काय करावं? (एक वाचक, जि. चंद्रपूर)

उत्तर : उन्हात अंगातलं पाणी कमी झालं, त्यात बीपीची गोळी असली, की उठताच बीपी उतरून भोवळ येऊ शकते. त्यातून म्हातारपणी तहानेची जाणीवच बोथट होते. 'पाणी हवं का?' विचाराल तर 'नको' येणार. विचारू नका, दर दोन तासांनी पेला हातात द्या. ताक, आंबीलही चालेल. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

आरोग्य केंद्रात बीपी आडवं झोपवून मोजायला सांगा, मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर डॉक्टरांना गोळ्या दाखवा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती आवर्जून पुढे करा. मनानं मात्र काही बंद करू नका. रात्री उठताना आधी बाजेच्या काठावर दोन मिनिटं बसून पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं. वाटेवर बारका दिवा ठेवा. आणि उशाशी लघवीचं भांडं ठेवलं तर अंधारात न्हाणीपर्यंत जाणंच टळतं.