पक्षी नंतर, आधी सुकती

दापोली
पौष शुद्ध अष्टमी, बुधवार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीन रविवार हर्णै ते आंजर्ले पायपीट केलीस आणि वहीत उतरलं काय, तर कावळे, घारी, बगळे, 'भरपूर कुरव' (सीगल) आणि 'बारके मातकट पक्षी, दहा-पंधरा, लांबून'. शेवटी विचारतेस, कॅमेऱ्याची लेन्स चारशे मिलिमीटरची घेऊ की सहाशेची. पत्र दोनदा वाचलं. तू पुळणीवर पोचलीस तेव्हा पाणी कुठवर होतं, ते मात्र त्यात कुठेच सापडलं नाही.

दर वेळी सकाळी दहाला पोचल्याचं लिहिलं आहेस, म्हणून मी पंचांग काढून तुझे तिन्ही रविवार ताडून पाहिले. गेल्या रविवारी पंचमी होती, म्हणजे दहाला पूर्ण सुकती, पुरती ओहोटी. पक्षी पार आत, पाण्याच्या कडेला. म्हणून तुला ते 'लांबून' दिसले. त्याआधीच्या रविवारी वद्य त्रयोदशी, म्हणजे ऐन भरती. तेव्हा चरायला जागाच नसते, सगळे कुठेतरी एका पायावर डुलक्या काढत उभे असतात. पहिल्या रविवारी षष्ठी, पुन्हा सुकतीच. सहाशेची लेन्स असती तरी काय केलं असतंस?

हे मी तक्त्यात पाहून सांगत नाही. पाजपंढरीच्या कोणत्याही म्हाताऱ्या कोळ्याला विचार, तो तुला तिथीवरून वेळ सांगेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, द्वादशी असेल तर नऊ. शुद्ध-वद्य काही असो, हिशेब एकच. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाशील तितकी भरती उशिरा पोचते. मोबाइलवर तक्ते असतात, ते जरूर बघ, पण हा हिशेब डोक्यात बसव. रोज पाऊण तासाने पुढे सरकणारं हे घड्याळ एकदा अंगात भिनलं, की घरात बसल्या बसल्या कळतं की खाडीत आता काय चाललं असेल.

पक्ष्यांचा दिवस या घड्याळावर चालतो. पाणी उतरलं की ओली वाळू आणि चिखल उघडा पडतो, त्यात किडे, बारीक शिंपले, चिंबोऱ्यांची पोरं. चार-पाच तास जेवण, मग पाणी परत येतं आणि ताट उचललं जातं. मध्यरात्री सुकती आली तर मध्यरात्री जेवतात. चिखल्यांचे, म्हणजे प्लोव्हर पक्ष्यांचे, डोळे उगीच एवढे मोठे नाहीत.

आपल्याला हवी असते ती चढती वेळ. पूर्ण सुकतीला पक्षी अख्ख्या पुळणीवर विखुरलेले असतात. पाणी चढू लागलं की एकेक पट्टी बुडत जाते आणि तेच पक्षी पाण्यापुढे सरकत सरकत तुझ्याकडे येतात. तू नुसतं बसून राहायचं. त्रयोदशीपासून वद्य द्वितीयेपर्यंत, आणि तसंच अमावास्येच्या मागेपुढे, चढतं पाणी सकाळी मिळतं. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी आत जातंही लांबवर आणि येतंही भरभर. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी आळसावल्यासारखं असतं.

आणखी एक फायदा आपल्याला फुकट मिळालेला आहे. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्याचं पीस न् पीस उजळतं. संध्याकाळी त्याच जागी सगळे काळे ठिपके. सूर्यास्त बघायला लोक जातात, त्यांना जाऊ दे.

बसण्याबद्दल लिहितो, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. तीन रविवारांत तू मिळून वीसेक किलोमीटर चाललीस. उभं, चालणारं माणूस म्हणजे पक्ष्यांच्या लेखी संकट. तेच माणूस मळकट कपड्यात, नावेच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला, बुड टेकून वीस मिनिटं बसलं की त्याचा दगड होतो. माझ्यापासून दहा पावलांवर सँडरलिंग, लाटेच्या कडेला चरणारे छोटे पक्षी, चरून गेले आहेत. लाट मागे फिरली की तिच्या पाठी धावायचं, टोचायचं, पुढची लाट आली की तुरुतुरु उलटं पळायचं, असं ते तासन्‌तास करतात. इतक्या जवळून पाहिलंस तर त्यांच्या पायाला मागचं बोट नाही हेही दिसेल.

मी हे शिकलो ते शहाणपणाने नाही. तरुणपणी केळशीच्या खाडीत एका कुरल्यूच्या मागे लागलो होतो, तो लांब वाकड्या चोचीचा मोठा पक्षी. तो पन्नास पावलं उडे, मी पन्नास पावलं पुढे. असं करता करता खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, चिखलात मांडीपर्यंत रुतलो आणि तेवढ्यात पाणी चढायला लागलं. कालवं काढायला आलेल्या एका बाईने लांबूनच ओरडून सांगितलं, "पाय उपसू नको, आडवा हो!" आडवा झालो, पोटावर सरपटत बाहेर आलो, चप्पल तिथेच राहिली. त्या बाई मग बराच वेळ हसत होत्या. पक्षी तोवर पलीकडच्या तीराला जाऊन चरत होता. तेव्हा चिखलात एकटी शिरू नकोस, आणि पाण्याची वेळ माहीत नसेल तर मुळीच नको.

आता तुझे 'बारके मातकट पक्षी'. नावं मला विचारू नकोस, आधी ते जेवतात कसे ते बघ. पळायचं, थबकायचं, मान वाकडी करून बघायचं, टोचायचं. असा झटक्याझटक्याने चालणारा चिखल्या. तो डोळ्याने शिकार करतो. मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत जाणारे ते तुतवार आणि टिलव्यांच्या (सँडपायपर आणि स्टिंट) घराण्यातले. ते चोचीच्या टोकाने चाचपून शोधतात. एवढं एक वेगळं काढता आलं की अर्धं ओझं उतरलं. मग चोचीची लांबी, कारण ज्याची जेवढी चोच तेवढ्या खोलीवरचं त्याचं अन्न. एकाच चिखलात आठ जातींचे पक्षी भांडण न करता जेवताना दिसतात ते यामुळे.

चिखल्यांत तुला तीन तरी भेटतील. मानेभोवती पूर्ण पांढरा पट्टा असेल तर केंटिश. पट्टा नसेल तर सँड प्लोव्हर, आणि तिथे सगळ्यांची गाडी अडते. चोच जाडजूड, लांब, पाय पिवळट-हिरवट असतील तर ग्रेटर. चोच आखूड आणि पाय काळपट असतील तर लेसर म्हणायची पद्धत होती. 2023 साली जागतिक नामावल्यांनी या लेसरचेही दोन वेगळे पक्षी केले, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्याकडचे बहुतेक तिबेटन, आणि ते लडाखमध्येही वीण करतात. मी एक अख्खा हिवाळा ग्रेटरला लेसर लिहीत होतो. वहीतली ती पानं मी फाडली नाहीत, नुसत्या रेघा मारल्या. तूही 'सँड प्लोव्हर, नक्की नाही' असं लिहायला लाजू नकोस. खोट्या नावापेक्षा ते कधीही बरं. मराठी नावांचं म्हणशील, तर या मंडळींना तीन पुस्तकांत तीन नावं असतात, म्हणून मीही इथे सरमिसळ करतो आहे. एकच नाव धर आणि तेच चालव.

'भरपूर कुरव' हे मात्र मी चालवून घेणार नाही. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना सुवर्णदुर्गाच्या बाजूला तोंड करून बस आणि एकेक कुरव सुटा करून बघ. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं नसतं आणि तपकिरी डोक्याच्याचं तपकिरी नसतं. दोघांनाही डोळ्यामागे फक्त एक गडद टिकली. डोक्यावर जाऊ नकोस, पंख उघडू देत. पंखाची पुढची कड पांढरी झळकली तर काळ्या डोक्याचा. टोक काळं आणि त्या काळ्यात पांढरे कवडसे दिसले तर तपकिरी डोक्याचा. हा दुसरा लडाखच्या त्सो मोरिरी, त्सो कार या तळ्यांवर वीण करून इथे आलेला असू शकतो. बोंबलाच्या टोपलीवर झडप घालताना त्याच्याकडे बघून हे खरं वाटत नाही.

याहून चकित करतो तो छोटा टिलवा. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अर्ध्या अंड्याइतकं. वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. एवढासा जीव तिथून आंजर्ल्याच्या चिखलात येतो आणि एप्रिलच्या आसपास परत निघतो. जायच्या आधी अंगावर चरबी चढवायची असते, आणि चरायला सुकतीचे मोजके तास. कुणी कुत्रं सोडलं, कुणी पुळणीवर जीप पळवली, कुणी 'उडतानाचा फोटो' हवा म्हणून टाळी वाजवली, की थवा उठतो, फिरतो, परत बसतो, पुन्हा उठतो. त्या तासांतली वीस मिनिटं गेली, खर्च झालेली ताकद वेगळी. गाडीवाल्यांशी माझी भांडणं होतात. पण सगळ्यात जास्त चीड मला कॅमेरेवाल्यांची येते, कारण त्यांना कळत असतं. लेन्सबद्दल मी उत्साह का दाखवला नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

दुर्बीण तुझ्याकडे 8×42 आहे, ती पुरे.

पूर्ण भरतीला पुळण सोडायची आणि मागे वळायचं, म्हणजे ते तासही फुकट जात नाहीत. पण जाण्याआधी खाडीच्या मुखाशी वाळूचा जो दांडा उघडा राहतो तिकडे एक नजर टाक. सगळे झोपायला तिथेच येतात, आणि मोजदाद करायची ती याच वेळी. मागच्या शेतांत भात कापून कुळीथ-पावटा टाकलेला असेल. तारेवर नीलपंख, कुळथाच्या शेंड्यावर गप्पीदास, ढेकळांत शेपूट नाचवणारे धोबी, आणि खाजणाच्या बाजूला गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा दलदली भोवत्या. आंब्याला मोहोर आला असेल तर झाडाखाली नुसती उभी राहा. मोहोरावर किडे येतात, किड्यांवर राखी कोतवाल आणि इवले वटवटे. वटवट्यांच्या ओळखीच्या भानगडीत यंदा पडू नकोस. जुन्या चिरेखाणीच्या काठावर एकटाच, ताठ बसलेला गडद निळा पक्षी दिसला तर तो निळा कस्तूर. तो हिवाळाभर तीच जागा धरून राहतो, त्यामुळे एकदा सापडला की रोज भेटतो.

समुद्र गरुडाचं घरटं कुठे आहे, असं तू विचारलंस. सध्या त्यांच्या विणीचे दिवस आहेत. लांबून दाखवीन, पण जागा वहीत लिहायची नाही आणि फोनवर कुणाला कळवायची नाही, हे आधी कबूल कर.

मोजायला मात्र आत्ताच लाग. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि तिला तुझ्यामाझ्यासारखीच माणसं लागतात. 'भरपूर' हा आकडा तिथे चालत नाही. आधी दहा पक्षी मोज, दहांचा घोळका केवढा दिसतो ते डोळ्यात साठव, मग त्या मापाने थवा मोजत जा. हर्णै-आंजर्ले-केळशी-वेळास सगळं धरू नकोस. खाडीच्या मुखापासून एक किलोमीटर, एवढाच तुकडा तुझा, आणि तोच पुन्हा पुन्हा. मी एकाच तुकड्यावर इतकी वर्षं गेलो म्हणून मला मार्चअखेरीचं कौतुक कळतं. हेच मातकट सँड प्लोव्हर तेव्हा छातीवर विटकरी रंग चढवून बसतात आणि नवखे लोक विचारतात, हे नवीन कुठले आले?

वद्य द्वितीया पुढच्या शुक्रवारी आहे. दुपारी दीडला भरती, म्हणजे तिच्या सव्वासहा तास आधी, सव्वासातला पूर्ण सुकती, उजाडता उजाडता. रजा टाक. पुलाच्या आंजर्ल्याकडच्या टोकाला मी सातला असेन. पांढरा शर्ट घालू नकोस, आणि वहीत शिसपेन्सिल ठेव, दवाने शाई फुटते. लेन्सचं तोवर राहू दे.