मामांच्या रिपोर्टमधले जनुक: कर्करोगाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मामांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्यांनी आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन' असे लिहून आले आणि डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायच्या केमोऐवजी रोज एक गोळी चालू केली. कर्करोगाला नुसती गोळी पुरते का? शिवाय हा जनुकाचा दोष असेल, तर तो आम्हा भाचरांतही उतरला असेल का, असे आई रोज विचारते.
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या आईंची काळजी आधी दूर करू. मामांच्या रिपोर्टमधला बदल त्यांच्या फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत मोठेपणी केव्हातरी घडलेला आहे. तो त्यांना आईवडिलांकडून मिळालेला नाही. अतिशय विरळ अपवाद सोडले, तर ईजीएफआरमधले असे बदल एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जात नाहीत. त्यामुळे केवळ या रिपोर्टवरून भाचरांच्या तपासण्या करत बसण्याचे कारण नाही.

ईजीएफआर हे जनुक मात्र तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या पेशींत आहे आणि ते असलेच पाहिजे. या जनुकावरून तयार होणारे प्रथिन पेशीच्या पातळ आवरणात रुतलेले असते. त्याचे एक टोक बाहेर आणि दुसरे आत असते. कातडी सोलवटली किंवा आतड्याचे अस्तर झिजले, की आजूबाजूच्या पेशी वाढीचा संदेश देणारे रेणू सोडतात. ते बाहेरच्या टोकाला चिकटले, की अशी दोन प्रथिने एकमेकांना भिडतात आणि आतल्या टोकावर फॉस्फेटचे कण जोडले जातात. तिथून निरोप रास या प्रथिनाकडे, रासकडून राफ, मेक आणि अर्क या प्रथिनांकडे एकापाठोपाठ एक जातो आणि शेवटी पेशीकेंद्रकात पोहोचतो. तिथे मिक नावाचे जनुक जागे होते आणि पेशी विभाजनाच्या तयारीला लागते. जखम भरली की बाहेरचा संदेश थांबतो आणि ही सगळी साखळी शांत होते.

तुमच्या मामांच्या गाठीत नेमके काय बिघडले आहे, हे 'एक्झॉन १९ डिलीशन' या शब्दांत सांगितलेले आहे. एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा आणि डिलीशन म्हणजे त्यातला काही भाग गळणे. ईजीएफआर प्रथिन सुमारे १,२०० अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, साखळी असते. तिच्या आतल्या भागातून, बहुतेक रुग्णांत, जेमतेम पाच अमिनो आम्ले गळून पडतात. एवढ्याशा बदलाने प्रथिनाचा आकार असा होतो, की बाहेरून संदेश आलेला नसतानाही ते चालूच राहते. शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा, बटण दाबूनही मोटार बंद होऊ नये आणि वाफ्यातले पाणी बांध फोडून बाहेर जावे, तसा हा प्रकार आहे. निरोगी पेशीतले वाढीचे जनुक अशा रीतीने कायमचे चालू झाले, की त्याला ऑन्कोजीन म्हणतात.

ही कल्पना ज्या मार्गाने माणसाच्या हाती आली, तो मार्ग मला वैद्यकाच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण वाटतो. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की त्यात एकही पेशी उरली नाही. तरी तो अर्क टोचलेल्या निरोगी कोंबड्यांना गाठी झाल्या. गाठीमागे विषाणू होता आणि गाठ घडवणारे 'सार्क' हे जनुक त्या विषाणूत होते. १९७६ साली मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की हे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या पेशीतले आहे आणि विषाणूने ते केव्हातरी तिच्याकडूनच उचलले आहे. या दोघांना १९८९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोग बाहेरून घुसलेल्या शत्रूसारखा नसतो, तो आपल्याच कामाच्या जनुकांतून उभा राहतो, हे तेव्हा प्रथमच लख्खपणे दिसले. उपचार इतके अवघड का असतात, याचेही कारण इथेच आहे.

एकच ऑन्कोजीन मात्र सहसा पुरत नाही. १९८३ साली रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या गर्भातून घेतलेल्या पेशींत बिघडलेले रास एकटे घातले किंवा मिक एकटे घातले, तर पेशी पूर्णपणे कर्करोगी होत नसत. दोन्ही एकत्र घातली, की होत असत. माणसात असे अनेक बदल वर्षानुवर्षे एकाच पेशीच्या वंशात साठत जातात आणि म्हणून कर्करोग बहुधा उतारवयाचा आजार असतो.

आता गोळीविषयी. फॉस्फेट जोडण्यासाठी ईजीएफआरच्या आतल्या टोकाला एक खोबण असते आणि तिथे एटीपी हा ऊर्जा देणारा रेणू येऊन बसतो. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब ही औषधे एटीपीच्या आधी ती जागा अडवतात. मामांची गाठ या एका प्रथिनावर इतकी विसंबलेली असते, की ते अडवताच तिच्या असंख्य पेशी मरू लागतात. अशा रुग्णांत गोळी ही केमोपेक्षा कमी दर्जाची तडजोड नव्हे. तीच अधिक योग्य सुरुवात आहे. भारतात अ‍ॅडेनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रकारात साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांत ईजीएफआरचा बदल आढळतो आणि धूम्रपान न करणाऱ्यांत तो अधिक दिसतो. मामांना कधी विडी न ओढता हा आजार कसा झाला, या तुमच्या मनातल्या शंकेचेही थोडेफार उत्तर त्यात आहे.

गोळीने चेहऱ्यावर पुरळ येईल, जुलाब होतील. कातडी आणि आतडे या दोन्ही ठिकाणी निरोगी ईजीएफआरचे काम चालू असते, तेही औषधाने थोडे अडते. पुरळ आले म्हणून घरीच गोळी बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणखी एक गोष्ट मामांच्या घरच्यांनी आधीपासून जाणून असावी. काही काळाने गाठ औषधाला दाद देईनाशी होते. जुन्या गोळ्यांच्या बाबतीत निम्म्या रुग्णांत याचे कारण एकच असते: प्रथिनातले ७९० क्रमांकाचे अमिनो आम्ल बदलते आणि खोबणीत औषध पूर्वीसारखे टिकत नाही. ओसिमर्टिनिब हे याच बदलावर मात करण्यासाठी घडवलेले औषध आहे. पुढे ते पहिल्यापासूनच देऊन पाहिले, तेव्हा आजार रोखून धरण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत आजार यापेक्षा जास्त काळ रोखलेला राहतो) जुन्या गोळ्यांच्या १०.२ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर गेला. गाठ पुन्हा वाढू लागली तर नव्याने तपासणी करून घ्या, कारण पहिला रिपोर्ट तेव्हा जुना झालेला असतो.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. दोषी जनुक कोणते हे कळत असेल, तर ते पेशीतून कापूनच का टाकत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन अडचणी आहेत. एक सेंटिमीटरच्या गाठीतसुद्धा कोट्यवधी पेशी असतात. कापणारे साधन त्यांतल्या प्रत्येकीपर्यंत पोहोचले पाहिजे, कारण राहिलेल्या थोड्या पेशी पुन्हा गाठ उभी करतात. दुसरी अडचण अशी, की शरीराला ही जनुके हवी असतात. के-रास हे रास प्रथिनाच्या जनुकांपैकी एक जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मालाच येत नाहीत, गर्भातच दगावतात. म्हणून बिघडलेले प्रथिन तेवढे ओळखून अडवायचे आणि शेजारचे निरोगी सोडायचे, हा खरा पेच आहे.

रासचे उदाहरण तुम्ही नीट अभ्यासावे. हे १८८-१८९ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. जीटीपी हा एटीपीसारखा रेणू धरला की ते चालू होते, त्यातला एक फॉस्फेट तोडून त्याचे जीडीपी केले की बंद होते. बाराव्या स्थानावर ग्लायसीन असते आणि ते सर्वांत लहान अमिनो आम्ल आहे. १९८२ साली माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात एच-रास जनुकाचे एकच अक्षर बदललेले सापडले, जीजीसीच्या जागी जीटीसी, आणि त्यामुळे ग्लायसीनच्या जागी व्हॅलिन आले. व्हॅलिन आकाराने मोठे असल्याने जीटीपीचे विघटन अडते आणि रास चालूच राहते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात सुमारे ९० टक्के गाठींत के-रास असे बिघडलेले असते. तरीही रास जीटीपीला इतके घट्ट धरते आणि त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो, की तीन दशके या प्रथिनावर औषध निघू शकत नाही असेच मानले जाई.

२०१३ साली केव्हन शोकॅट यांच्या गटाला वाट सापडली. काही गाठींत बाराव्या स्थानावर सिस्टीन येते. सिस्टीनमध्ये गंधक असतो आणि त्याच्याशी औषधाचा कायमचा बंध जुळवता येतो. हा बंध जुळला, की रास बंद अवस्थेतच अडकते. निरोगी पेशीत त्या जागी ग्लायसीन असल्याने औषधाला धरायला काही सापडत नाही. यावरून बनलेल्या सोटोरासिबला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. स्वादुपिंडाच्या बहुतेक गाठींत मात्र सिस्टीन नसते, सर्वाधिक वेळा अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते, त्यामुळे तिथे हे औषध चालत नाही. त्यासाठीच्या नव्या रेणूंच्या चाचण्या चालू आहेत. मिकवर थेट औषध अजून नाही, कारण औषधाला बसायला त्यात पक्की खोबणच नाही. तुमच्या पिढीतल्या कोणी हे काम हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : सासूबाई तीस वर्षे मिश्री लावतात. गालात पांढरा डाग आला आहे. पुढे काही झालेच, तर फुप्फुसासारखी गोळी मिळेल ना?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : या भरवशावर राहू नका. मिश्रीतले नायट्रोसामाइन गटाचे पदार्थ गालाच्या अस्तरातल्या पेशींच्या डीएनएला चिकटतात आणि पेशी विभागताना तिथली अक्षरे चुकतात. तोंडाच्या कर्करोगात सर्वाधिक वेळा बिघडते ते टीपी-५३. हे जनुक वाढवणारे नसून विभाजन थांबवणारे आहे. ऑन्कोजीनचे प्रथिन जास्त चालते म्हणून ते अडवता येते. टीपी-५३ चे काम नाहीसे झालेले असते आणि गेलेले काम परत आणणारी गोळी आज आपल्या हातात नाही. म्हणून मिश्री आजच बंद करा आणि डाग याच आठवड्यात कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्यांना दाखवा. डागाचा तुकडा तपासायला सांगितला तर घाबरून मागे फिरू नका. सगळेच पांढरे डाग कर्करोगाचे नसतात, पण कोणता आहे हे डोळ्यांनी ठरत नाही.

प्रश्न : माझ्या भावाला रक्ताचा कर्करोग, सीएमएल आहे. इमॅटिनिबने रिपोर्ट चांगले आले. आता गोळी सोडली तर चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : स्वतःच्या मनाने अजिबात नाही. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन सतत चालू राहते. २००१ पासून वापरात असलेले इमॅटिनिब ते अडवते, पण मुळातल्या काही पेशी शांतपणे तग धरून राहू शकतात. अनेक वर्षे बीसीआर-एबीएल जवळजवळ शून्यावर राहिलेल्या निवडक रुग्णांतच डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात आणि त्यांतल्याही साधारण निम्म्यांत आजार परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. खर्चाची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या औषधाचे पेटंट नाकारले आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या उपलब्ध राहिल्या. गोळी रोज त्याच वेळी, जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करून प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून ठेवावा.