आर्क्टिक सर्कलच्या वरून हॅम रेडिओ कॉन्टेस्ट करण्यात अर्थ आहे का, की अरोरा सगळं गिळून टाकतो?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी दोन वर्षं फिनलंडच्या लॅपलँडमध्ये राहायला जाताय, लायसन्स आहे, आणि तिथून सीक्यू वर्ल्डवाइडसारख्या मोठ्या कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात जगभरातल्या जास्तीत जास्त हौशी रेडिओ स्टेशनांशी संपर्क करायच्या स्पर्धेत, उतरावं का, कारण कुणीतरी सांगितलंय की तिकडे अरोरामुळे (ध्रुवाकडच्या आकाशातल्या रंगीत उजेडामुळे) रेडिओचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, बंदच असतात. मी इनारीच्या बाजूला, साधारण ६९ अंश उत्तरेला, सहा हिवाळे कॉन्टेस्ट केलेत, त्यावरून सांगतो. अर्थ आहे, भरपूर आहे, पण जगात पहिला नंबर काढायच्या इराद्याने गेलात तर पहिल्याच वीकेंडला हिरमोड होईल.

का ते सांगतो. सीक्यू वर्ल्डवाइड ४८ तासांची असते, शनिवारी ००:०० यूटीसीला (जागतिक वेळ) सुरू होते, दुसऱ्या खंडातल्या स्टेशनचे ३ पॉइंट, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचा १, आणि आपल्याच देशातल्याचा शून्य, तो फक्त मल्टिप्लायरपुरता, म्हणजे नवा देश किंवा झोन म्हणून, ज्यांच्या संख्येने शेवटी पॉइंट गुणले जातात. आता कॅनरी बेटं किंवा केप व्हर्दे घ्या, ती आफ्रिकेत मोजली जातात, म्हणजे तिथे बसलेल्याला युरोपमधला प्रत्येक जण ३ पॉइंटांचा, अमेरिकेतलाही ३ पॉइंटांचा, चहूबाजूला समुद्र आणि अरोरा हजारो किलोमीटर लांब. लॅपलँडमधून युरोप सहज मिळतो पण तो १ पॉइंटाचा, आपले ३ पॉइंटवाले म्हणजे मुख्यतः अमेरिका आणि जपान, आणि तिकडचा रस्ता जगाच्या छपरावरून जातो.

पृथ्वीचा गोल घ्या आणि रोव्हानिएमीपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. अँटेना जवळपास ३०० अंशांना ठेवावी लागते आणि दोरा नॉर्वेजियन समुद्र, ग्रीनलंड, लॅब्राडोर असा जातो, म्हणजे अरोराचा पट्टा नुसता ओलांडत नाही, बराच वेळ त्याच्या आतूनच चालतो. कॅलिफोर्नियासाठी अँटेना अजून उत्तरेला वळवायची, आणि हवाईचा दोरा तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. जपानचा दोरा सायबेरियावरून जातो. तिकडे चुंबकीय अक्षांश कमी पडतात, कारण भूचुंबकीय ध्रुव किती जवळ हे बघायचं असतं, नकाशावरचे अंश नाही. याच कारणामुळे कॅनडातलं चर्चिल ५९ अंशांच्याही खाली असूनसुद्धा थेट अरोराखाली येतं. तर चुंबकीय वादळानंतर जपानचा रस्ता अमेरिकेच्या आधी सावरतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता आधी तिकडेच अँटेना फिरवतो.

माझी तिथली पहिली कॉन्टेस्ट म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा वीकेंड, सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स कोडवाली. शुक्रवारी रात्री आकाश हिरवं झालेलं, बाकीचे बाहेर उभं राहून बघत होते, मी आत रेडिओ लावून बसलेलो. तिथल्या वेळेने पहाटे दोनला सुरुवात झाली आणि ४० मीटरच्या बँडवर अमेरिका नाहीच, म्हणजे अक्षरशः एकही स्टेशन नाही, नॉइजसुद्धा खाली गेलेला. मला वाटलं अँटेना तुटली. उणे २७ मध्ये हेडलॅम्प लावून बाहेर गेलो, प्रत्येक कनेक्टर उघडून बघितला, सगळं ठीक. परत आलो तेव्हा बोटं इतकी बधिर झाली होती की मोर्सची की दाबता येईना. उजाडल्यावर, म्हणजे जेवढं उजाडतं तेवढं, १५ मीटरवर यागी अँटेना दक्षिणेला फिरवली आणि सायप्रस, इस्रायल, दक्षिण आफ्रिका भिंतीपलीकडून बोलावं इतके मोठ्याने. अँटेनाला काही झालंच नव्हतं! वादळ उत्तर बंद करतं, दक्षिण बंद करत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो आणि तुम्ही आधीच शिकून जा. ज्या तासाला अमेरिका मेलेली असते त्या तासाला आफ्रिका, मध्यपूर्व, भारत, हिंदी महासागरातली बेटं शोधत बसायचं, एकेक मल्टिप्लायर वेचायचा. तासाला मिळणाऱ्या स्टेशनांचा रेट पडतो, पण लॉग (संपर्कांची नोंद) भरत राहतो.

होतं काय, तर अरोरावेळी वरून येणारे इलेक्ट्रॉन आयनोस्फिअरच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, रेडिओ लहरी परतवणाऱ्या भागाच्या, खालच्या थरात, साधारण १०० किलोमीटरच्या आणि त्याखालच्या उंचीवर, इतकं आयनीकरण करतात की सिग्नल वर पोचायच्या आधीच शोषला जातो. मध्यरात्रीच्या सुमारास एक तडाखा आणि मग सकाळी लांबलेलं शोषण, असं बऱ्याचदा दिसतं, दुपार त्यातल्या त्यात चांगली. याहून वाईट म्हणजे सूर्यावर मोठा स्फोट होऊन प्रोटॉन आले तर, तेव्हा ध्रुवाभोवतीचा सगळा भाग दिवसभर, कधी कधी काही दिवस बंद राहतो, त्यावर काही उपाय नाही, दक्षिणेकडेच बघायचं.

पण शांत हिवाळी वीकेंड मिळाला ना, तर मग लॅपलँडसारखी जागा नाही. नोव्हेंबरअखेरीस तिथे सूर्य क्षितिजाला टेकून जातो, अगदी उत्तरेला उत्सयोकीत तर साधारण तेव्हाच उगवायचा बंद होतो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत. आणि सूर्य नाही म्हणजे दिवसा लो बँड (१६०, ८० मीटर) खाणारा आयनोस्फिअरचा डी थर जवळजवळ नाहीच. सकाळी दहाच्या सुमाराला जपानमध्ये सूर्य मावळतो आणि ८० मीटरवर जपानी स्टेशनं यायला लागतात, तेव्हा इटली-स्पेनवाले भर उन्हात असतात आणि त्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नाही. दुपारी दोनपर्यंत न्यूयॉर्ककडचे लोक ८० मीटरवर, ते गेले की त्यांच्यामागून पश्चिम किनारा त्यांच्या सूर्योदयापर्यंत, म्हणजे आपल्या पावणेपाचपर्यंत. भर दुपारी खिडकीबाहेर निळा अंधार आणि कानात कॅलिफोर्निया, ८० मीटरवर! माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात असा एक रविवार मिळाला, मी सहा तास खुर्चीवरून उठलो नाही आणि तो दिवस आठवला की आजही अंगावर काटा येतो. शिवाय आसपास वस्ती नाही, पॉवर सप्लाय नाहीत, उन्हाळी विजा नाहीत, त्यामुळे नॉइज इतका कमी की कुजबुजणारी स्टेशनंही कॉपी होतात. शहरात राहून हे कळत नाही.

त्यामुळे तयारी म्हणजे निम्मी आकाशाची तयारी. सूर्य साधारण २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणून कॉन्टेस्टच्या वीकेंडच्या २७ दिवस आधी केपी इंडेक्स (चुंबकीय वादळ किती मोठं ते सांगणारा आकडा) किती होता ते बघा, कोरोनल होलमुळे, म्हणजे सूर्यावरच्या ज्या भागातून सौरवारा जोरात सुटतो त्यामुळे, होणारं वादळ बऱ्याचदा तसंच परत येतं. आणि नुसत्या केपीवर विसंबू नका, तो तीन तासांचा जागतिक आकडा आहे, आपल्याला आत्ता, डोक्यावर काय चाललंय ते हवं. सोदांकिलामध्ये १९१३ पासूनची भूभौतिक वेधशाळा आहे, तिथल्या मॅग्नेटोमीटरचा (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मी कॉन्टेस्टभर दुसऱ्या स्क्रीनवर उघडा ठेवतो. रेषा सरळ होताना दिसली की झोपलेलो असलो तरी उठून अमेरिकेकडे अँटेना. विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला, चुंबकीय वादळं जास्त होतात, त्यामुळे मार्चची डब्ल्यूपीएक्स कॉन्टेस्ट आणि सीक्यू वर्ल्डवाइडची ऑक्टोबरमधली एसएसबी (बोलून करायची) फेरी लॅपलँडमधून जास्त मार खातात आणि नोव्हेंबरची सीडब्ल्यू त्यामानाने बरी जाते.

म्हणून सीडब्ल्यू येत नसेल तर शिकाच, यावर मी ठाम आहे. अरोराच्या पट्ट्यातून आलेल्या सिग्नलला फ्लटर येतो, आवाज खरखरीत होतो, शुद्ध टोनच्या जागी फुस्स असा फुत्कार, अशात एसएसबी म्हणजे नुसती गुळणी, एफटी८ ही कॉम्प्युटरची डिजिटल पद्धत पण डीकोड होत नाही कारण सिग्नल फ्रीक्वेन्सीत पसरतो. सीडब्ल्यू मात्र कानाला लागते. फक्त वेग कमी करा, मिनिटाला ३२-३४ वरून २४-२५ शब्दांवर या, नाहीतर डॉट एकमेकांत मिसळतात आणि समोरचा कॉल तीन-तीनदा विचारत बसतो.

कोणती कॉन्टेस्ट हा पण विचार करा. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये आपण झोन १५, ज्यात इटली, पोलंड, हंगेरी सगळे येतात, म्हणजे तुमच्यासाठी कुणी भुकेलेलं नसतं. पण स्कँडिनेव्हियन अॅक्टिव्हिटी कॉन्टेस्टमध्ये, जी सप्टेंबरमध्ये सीडब्ल्यू आणि ऑक्टोबरमध्ये एसएसबी होते, बाहेरच्यांना प्रत्येक बँडवर प्रत्येक कॉल एरिया (कॉलसाइनमधल्या आकड्यावरून ठरणारा भाग) हा वेगळा मल्टिप्लायर असतो, आणि लॅपलँडचा ओएच९ फार थोडे लोक चालवतात. तिथे तुम्ही सीक्यू (सगळ्यांना हाक) दिलं की पाइलअप, म्हणजे एकाच वेळी उत्तर देणाऱ्यांची गर्दी, तुमच्यावर होतो. पहिल्यांदा सुरुवात याच कॉन्टेस्टने करा असं मी म्हणेन. जुलैची आयएआरयू कॉन्टेस्ट पण मजेची, २४ तासांचीच, मध्यरात्रीचा सूर्य असतो, २० मीटर रात्रभर चालू राहतो, उलट १६० आणि ८० जवळपास मेलेले.

अँटेनांचं थोडक्यात. साधी पीव्हीसीची कोॲक्स केबल उणे ३० मध्ये वाकवली की तडकते, थंडीला चालणारी घ्या. अँटेना फिरवणाऱ्या रोटेटरमध्ये कमी तापमानाचं ग्रीस भरा, माझा एकदा कॉन्टेस्टच्या मधोमध ईशान्येला गोठून बसला आणि बाराएक तास फक्त जपान आणि सायबेरिया. झाडांवर बर्फ साचून फांद्या वाकतात आणि डायपोल (तारेची अँटेना) घेऊन खाली येतात, दोर थोडा सैल आणि पुलीवर वजन लावून ठेवा. जमीन खडकाळ, वर गोठलेली, त्यामुळे व्हर्टिकलला (उभ्या अँटेनाला) रेडियल तारा उंचावर, बर्फाच्या वर राहतील असे. आणि रिसीव्हसाठी जंगलात बेव्हरेज (लांब तारेची अँटेना) ओढलीत तर तार तीन मीटरच्या वर बांधा. माझी पहिली डोक्याइतक्या उंचीवर होती, रेनडिअरच्या शिंगात अडकून शंभरेक मीटर गेली, आणि तार गेली त्यापेक्षा तो प्राणी अडकून जखमी झाला असता या विचाराने मला जास्त वाईट वाटलं. रेनडिअर कुणाच्या तरी मालकीचे असतात, तेव्हा तार ओढायच्या आधी जमीनमालकाला आणि तिथल्या पाळणाऱ्यांना विचारा, मला तरी कुणी नाही म्हणालं नाही.

स्कोअरची तुलना उत्तर स्वीडन, उत्तर नॉर्वे आणि औलूच्या वरच्या स्टेशनांशी करा, त्यांच्या डोक्यावर तेच आकाश असतं. मी माझ्याच गेल्या वर्षीच्या लॉगशी तासातासाला ताडून बघतो, जपान किती वाजता उघडला, अमेरिका किती वाजता गेली, त्यातून जे कळतं ते कुठल्या रिझल्टच्या टेबलात नसतं.

तुम्ही कधी पोचताय ते लिहिलं नाहीये. ऑगस्टच्या आत पोचत असाल तर टॉवरचा पाया आणि खांबांचे खड्डे आधी उरका, ऑक्टोबरनंतर जमीन गोठायला लागते आणि मग पहार मारली तरी ठिणगी उडते, खड्डा होत नाही.